जोडण्यापूर्वी पोलादाची पारख

हातात मावणारे इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्र आता बाजारात सहज मिळते. दुकानाचे रॅक वाकले किंवा गोदामाच्या फाटकाची बिजागरी निखळली, की घरातील एखादा तरुण स्वतःच रॉड हाती घेतो. अशा वेळी धातुशास्त्राचे ज्ञान कितपत हवे? याचे उत्तर जोडल्या जाणाऱ्या वस्तूवर अवलंबून आहे.

रॅक, जाळी, फाटक यांचे अँगल व पट्ट्या सामान्यतः सौम्य पोलादाच्या असतात. त्यात कार्बन साधारण ०.२५ टक्क्यांहून कमी असतो. असे पोलाद वितळून निवले तरी फारसे ठिसूळ होत नाही. गंज व रंग घासून काढावा, ६०१३ क्रमांकाचा कोरडा रॉड घ्यावा, करंट योग्य ठेवावा. एवढे येथे पुरते. मात्र पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर तो आधी काढावा, कारण त्याच्या धुराने ताप येतो.

गाडीच्या कमानीचे पाटे, अ‍ॅक्सल, ओझे उचलण्याचे हूक यांची गोष्ट निराळी. पाट्यांत कार्बन ०.५ टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक असतो. लोहार तापलेला विळा पाण्यात बुडवतो, तेव्हा धार कडक होते. वेल्डिंगच्या सांध्यालगत तेच घडते; भोवतालचा थंड धातू उष्णता झपाट्याने शोषून घेतो आणि तो पट्टा कठीण, पण ठिसूळ बनतो. दमट रॉडमधून हायड्रोजन शिरला, तर काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनीही, आतून तडा जातो. संध्याकाळी निर्दोष दिसलेला सांधा म्हणूनच विश्वासाला पात्र ठरत नाही.

१६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज धक्क्यालगत, शांत पाण्यात उभे असताना दुभंगले. सदोष वेल्डिंगबरोबरच थंडीत ठिसूळ होणारे पोलादही अशा दुर्घटनांना कारण असल्याचे पुढील संशोधनात दिसून आले.

घरी पारख करण्याचे साधे उपाय आहेत. ग्राइंडरवर सौम्य पोलादाच्या ठिणग्या लांब व सरळ उडतात. कार्बन अधिक असल्यास त्या फुलबाजीसारख्या फुटतात. कानस घसरू लागली, तर पोलाद कडक आहे असे समजावे. असा भाग आधी तापवून, ७०१८ क्रमांकाच्या कोरड्या रॉडने जोडून, सावकाश निवू देण्याची पद्धत आहे. तथापि कारखान्यात उष्णतेने दिलेला मूळ गुण सांध्यापाशी नाहीसा होतो. म्हणून हूक आणि पाटे जोडू नयेत, बदलावेत.

ऋणकोची पत पाहिल्यावाचून सावकार रक्कम देत नाही. पोलादाची पत पाहिल्यावाचून त्यावर भार देऊ नये. नव्या हुकाचा खर्च वहीत एकदाच मांडला जातो. जोडलेल्या हुकाखाली मात्र रोज एखादा हमाल उभा असतो. त्याच्या जिवाची काळजी घेणे हीच व्यवहारातील जयणा होय.