चव घेणाऱ्याची सही

गेल्या श्रावणांत, आमच्या घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंच्या मुलाच्या दाखल्यासाठीं टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेंत जाण्याचा आम्हांस योग आला. मुख्याध्यापकांची वाट पाहात बसलों असतां टेबलावर एक वही उघडी दिसली. दुपारच्या पोषण आहाराची चव कोणीं व केव्हां घेतली, ती कशी होती, हें नोंदण्याची ती वही. त्या दिवसाच्या रकान्यांत 'चव उत्तम' असा शेरा असून खालीं सहीहि होती. पण खिचडीचा टेंपो अद्याप शाळेच्या फाटकांतहि शिरला नव्हता!

वाचक म्हणतील, एवढ्याशा सहीचें काय घेऊन बसलांत? त्यांस आम्ही एक तारीख सांगतों. 16 जुलै 2004 रोजीं तामिळनाडूंतील कुंभकोणम् येथें शाळेच्या स्वयंपाकघरांतली आग झावळ्यांच्या छपरास लागली आणि 94 बालकें गेलीं. बरोबर नऊ वर्षांनीं, 16 जुलै 2013 रोजीं, बिहारच्या सारण जिल्ह्यांतील गंडामन गांवीं शाळेच्या जेवणांतून कीटकनाशक पोटांत जाऊन 23 मुलें दगावलीं. मोठ्या माणसानें पहिला घांस घ्यावा आणि मगच पानें वाढावीं, या दंडकाचें मोल तेथें कळलें.

आपणांकडे या कामाची परंपरा नाहीं असें नव्हे. भारतांत शाळेंतील मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम सुरू झाली ती 1909 सालीं, बडोद्यास. 2001 सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळांतून शिजविलेलें अन्न देण्याचा आदेश दिला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानें तो मुलांचा हक्क ठरला. पहिली ते पांचवीच्या मुलास 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिनें, सहावी ते आठवीच्या मुलास 700 कॅलरी व 20 ग्रॅम प्रथिनें, असें मापहि कायद्यानें घालून दिलें. न्यून आहे तें पाहणाऱ्याचें.

चव घेतल्यानें सर्वच दोष उमगतात, असा आमचा दावा नाहीं. शिजलेला भात तासन् तास कोंबट राहिला, तर त्यांत जंतू वाढतात, आणि त्यांतील कांहींचें विष पुन्हां तापविल्यानेंहि जात नाहीं. तें जिभेस कळेलच असें नाहीं. म्हणून अन्न कधीं शिजलें, कधीं पोंचलें व कढत आहे काय, हेंहि त्याच वहींत लिहावयास हवें. परंतु तेलाचा दर्प, आंबूस वास, कच्ची डाळ हें पहिल्या घांसालाच कळतें.

नैवेद्य दाखविण्यापूर्वीं अन्न चाखूं नये, ही आपल्या घरांतील जुनी शिस्त. शाळेंत मात्र चाखल्यावांचून वाढूं नये, हाच धर्म होय. कारण तेथें देव पंगतीलाच बसलेला असतो.

आणि आपण? आपलीं नातवंडें घरून डबा नेतात, म्हणून ती खिचडी कशी असते हें आपण कधीं विचारलें नाहीं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें सरकारी व अनुदानित शाळांस शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यांत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. ज्या घरांतून सुना-लेकी शिकलेल्या आहेत व वडील माणसांस दुपारीं सवड आहे, त्यांनीं महिन्यांतून एकदां जवळच्या शाळेंत, मुख्याध्यापकांच्या अनुमतीनें, एक वाटी खिचडी खाऊन यावें. हें दान नव्हे; शेजारधर्म आहे.

त्या दिवशीं टेंपो आला, तेव्हां आम्हीं मुख्याध्यापकांस म्हटलें, "गुरुजी, चला, आपण दोघेहि चाखूं." ते क्षणभर संकोचले, मग त्यांनींच दोन वाट्या मागविल्या. खिचडी गरम होती, मीठ मात्र कमी होतें. त्यांनीं निमूटपणें वही ओढली, 'उत्तम' हा शब्द खोडला आणि लिहिलें, 'मीठ कमी. वेळ 12-20.' त्या दिवसापुरती ती वही खरी झाली.