बूस्टला पैसे घालण्याआधी

मागच्या बैठकीत विषय निघाला की सोसायटीनं डिजिटल मार्केटिंगसाठी दर महिन्याला पैसे बाजूला काढावेत आणि पेजवरच्या पोस्ट बूस्ट कराव्यात. मी विरोध केला. बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून इथं लिहितोय.

डिजिटल मार्केटिंग म्हणजे मोबाईलवरून गिऱ्हाइकापर्यंत पोचायची सगळी साधनं. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, गुगलची जाहिरात, सगळं त्यात आलं. कंटेंट मार्केटिंग म्हणजे गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं काहीतरी सांगत राहायचं, म्हणजे त्याचा विश्वास बसतो आणि मग तो माल घेतो. आज हे सांगणं बहुतेक मोबाईलवरूनच होतं, म्हणून दोन्ही एकच वाटतात. खरं, हे सांगणं मोबाईलच्या कितीतरी आधीचं आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आपल्या बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं लोखंडी नांगर केले, तर शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन नासते! १९१० साली कारखाना किर्लोस्करवाडीला गेला आणि १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघालं, संपादक शंकरराव किर्लोस्कर. कारखान्याचंच मासिक, पण लोक आवडीनं वाचायचे. पुढं तेच 'किर्लोस्कर' मासिक म्हणून घरोघरी गेलं. अमेरिकेत जॉन डीअर या नांगरवाल्या कंपनीनं तर १८९५ पासूनच शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचं मासिक काढलं होतं.

आता आपलं पेज बघा. शुभ सकाळची फुलं, वाढदिवसाचे बॅनर, सत्काराचे फोटो. हे बूस्ट करून काय होणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बेळगावात गोव्याकडचा बांगडा लोकांच्या सवयीचा. आपली गोड्या पाण्याची मासळी घेताना बाई हमखास विचारते, "काटे लई असतात काय? चिखलाचा वास येतो काय?" याचंच उत्तर पेजवर द्या की! रोहूला बारीक काटे असतात हे लपवू नका, ते कसे काढायचे ते दाखवा. मरळीला काटे कमी, हे कितीजणांना ठाऊक आहे? कल्ले लालभडक असले, डोळा वर आलेला आणि चकचकीत असला म्हणजे मासा ताजा, हेही सांगा. आज काय घावलं, किलोचा भाव काय, हे सकाळीच टाका. पाणी वाढलं म्हणून होडी काढली नसेल तर तसं लिहा, म्हणजे गिऱ्हाइकाचा हेलपाटा वाचेल. आणि हे सगळं कन्नडमध्येपण टाका. आपली कितीतरी गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी, त्यांनी काय वाचायचं?

बूस्ट करूच नये असं माझं म्हणणं नाही. एखादा व्हिडिओ लोकांनी आपणहून एकमेकांना पाठवला, तर त्याच्यावर दोन-तीनशे रुपये घाला, तेही निपाणी-चिक्कोडीपुरते. मासळी पोचवता येत नाही तिथल्या लोकांना दाखवून उपयोग काय?

पुढच्या बैठकीत विषय परत घ्या. तोवर कटला कापायचा व्हिडिओ मी घरून पाठवतो. आई तयार आहे, फक्त तोंड दाखवायचं नाही म्हणते.