कॉफीचे यंत्र : दुरुस्ती की नवी खरेदी?

सोलापुरातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी काही वर्षांपूर्वी एस्प्रेसो कॉफीचे यंत्र आले. दुकान उघडण्यापूर्वी तीन पिढ्या ओट्यापाशी एकत्र येण्याची ती वेळ ठरून गेली. यंत्र इटालियन धाटणीचे असले, तरी आप्पांच्या कपात किसलेले जायफळ पडल्याशिवाय त्या कॉफीला घरची चव येत नसे. सातव्या वर्षी मात्र यंत्र कुरकुरू लागले. पंपाचा आवाज वाढला, कॉफीची धार बारीक झाली, आणि मुठीच्या चाळणीभोवतीच्या फटीतून गरम पाणी ओट्यावर गळू लागले.

सेवा केंद्रात विचारले असता उत्तर तयार होते. हे मॉडेल आता येत नाही; जुने द्या, सवलतीत नवे घ्या. मुलाने मोबाइलवर नवे यंत्र निवडलेही. "आप्पा, सात वर्षे झाली, पैसे वसूल झाले. आता बदलून टाकू," तो म्हणाला. आप्पांचे म्हणणे वेगळे होते. "अरे, बिघडलंय काय ते तरी आधी कळू दे. दुकानात शटर अडकलं म्हणून कुणी दुकान विकत नाही." सूनबाईंनी दोघांनाही थांबवले व यंत्र आठवडाभर बाजूला ठेवून स्टीलच्या फिल्टरवर कॉफी करायला घेतली. तो आठवडा उपयोगी ठरला, कारण घाईत घेतलेला निर्णय बहुधा महागाचा असतो.

अशा प्रसंगी घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : यंत्र जुने झाले का? प्रश्नातच चूक आहे. यंत्र म्हणजे एक वस्तू नव्हे, तो सुट्या भागांचा समूह आहे, आणि प्रत्येक भागाचे आयुष्य निराळे असते. रबरी रिंग दीड-दोन वर्षांत कडक होते, पंप काही वर्षे चालतो, आणि चांगल्या पितळेचा बॉयलर एका पिढीला पुरू शकतो. म्हणून विचारावयाचा प्रश्न असा : कोणता भाग संपला आहे, आणि तो मिळतो का?

त्यासाठी यंत्राची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. टाकीतील पाणी पंप ओढतो. बॉयलरमध्ये ते साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. आणि मुठीच्या चाळणीत दाबून बसवलेल्या कॉफीच्या चुऱ्यातून ते सुमारे ९ बार दाबाने जाते. प्रेशर कुकरची शिट्टी वातावरणाहून साधारण १ बार जादा दाबाला वाजते, हे लक्षात घेतले म्हणजे या लहानशा यंत्रावरील ताण कळतो. घरगुती यंत्रात बहुधा कंपन पंप असतो. त्यातील लहान दट्ट्या विजेच्या लहरींबरोबर मागेपुढे होतो. तो घर्रर्र आवाज त्याचाच. पेटीवर १५ बार असे लिहिलेले असते, तो पंपाच्या क्षमतेचा आकडा असतो. कॉफीला त्याहून बराच कमी दाब लागतो.

रचना कळली की लक्षणे वाचता येतात. मुठीच्या कडेने पाणी गळत असेल आणि मूठ पूर्वीपेक्षा जास्त फिरवावी लागत असेल, तर आतील रबरी रिंग झिजली आहे. कुकरच्या रिंगसारखीच ही वस्तू आहे. आकार बरोबर असला तर ती अल्प किमतीत मिळते व थोड्या वेळात बसते. पंपाचा आवाज मोठा पण धार बारीक, म्हणजे वाटेत कोठेतरी क्षार साचले आहेत किंवा वरची फवारणीची जाळी कॉफीच्या तेलाने बुजली आहे. पंप चालतो पण पाणी मुळीच येत नाही, तेव्हा नळीत हवा अडकलेली असू शकते. टाकी नीट बसवून वाफेची तोटी उघडली व पंप थोडा वेळ चालवला, तर पुष्कळदा ती सुटते. दिवा लागतो पण पाणी तापत नाही, तेव्हा थर्मोस्टॅट किंवा उष्णतेचा फ्यूज पाहावा लागतो. आणि यंत्र लावताच घरातील ईएलसीबी पडत असेल, तर तापकाच्या कॉइलमधून वीज धातूत उतरत आहे असे समजावे. अशा वेळी पुन्हा बटण चालू करून पाहू नये. प्लग काढून ठेवावा व जाणकारालाच बोलवावे.

लक्षण तपासण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. कॉफी पाणचट लागते म्हणून यंत्राला दोष दिला जातो, पण पुष्कळदा दोष चुऱ्याचा असतो. भाजून महिने लोटलेली किंवा जाडसर दळलेली कॉफी घातली, तर पाणी अडत नाही आणि चव उतरत नाही. २५ ते ३० सेकंदांत कप भरण्याऐवजी तो दहाच सेकंदांत भरला, तर दळण बारीक करून पाहावे. ताजी कॉफी आणून एकदा करून पाहिली, की यंत्राचा दोष व मालाचा दोष वेगळा होतो.

सोलापूरच्या घरी कारागिराने यंत्र उघडले. तो पेठेत मिक्सर व गिझर दुरुस्त करणारा. कॉफीचे यंत्र त्याने पूर्वी क्वचितच हाताळले होते. पण गिझर ओळखणाऱ्याला बॉयलर अनोळखी नसतो. आतून पांढऱ्या चुन्याचा थर निघाला, आणि रबरी रिंग बोटाने दाबली तर तुटली. पंप शाबूत होता, तापक शाबूत होता. मरणाला टेकलेले म्हणून ज्याची बोळवण ठरली होती, त्या यंत्राचा आजार म्हणजे चुना आणि एक रिंग!

हा चुना कोठून येतो? शालेय पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात व बोलण्यात जड पाणी, त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळलेले असते. पाणी तापले की त्यातील काही भाग कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने धातूवर बसतो. हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही. तापक जास्त तापतो, वीज जास्त लागते आणि बारीक वाटा बंद होतात. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात हे लवकर घडते. ज्या घरात पिण्याचे पाणी उकळून, निववून, गाळून घेण्याची रीत आहे, तेथे मात्र यंत्रालाही तिचा लाभ देता येतो. उकळताना तात्पुरता दुष्फेनपणा भांड्याच्या तळाशीच उतरतो. निवळलेले पाणी टाकीत घातले तर बॉयलरमध्ये बसणारा चुना कमी होतो. कापडाने नुसते गाळल्याने मात्र विरघळलेले क्षार निघत नाहीत. उलट, आरओचे अगदी क्षारहीन पाणीही सर्वांत उत्तम असे नाही. कॉफीची चव त्यात फिकी उतरते, आणि ज्या यंत्रांत पाण्याची पातळी विजेच्या सळईने मोजली जाते, त्यांना असे पाणी कळत नाही.

बसलेला चुना काढण्यास सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व, चालते. एक लिटर पाण्यात २० ते २५ ग्रॅम पुरते. द्रावण टाकीत घालून थोडे थोडे पुढे सोडावे, मध्ये काही मिनिटे थांबावे, आणि शेवटी दोन टाक्या साध्या पाण्याने यंत्र धुऊन काढावे. द्रावण फार दाट व फार गरम असू नये. तसे केल्यास कॅल्शियम सायट्रेटचा न विरघळणारा गाळ बसू शकतो. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर आम्ल त्यात मुरत ठेवू नये, आणि पुस्तिकेत निर्मात्याने वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे. जड पाण्याच्या गावात हे काम दोन-तीन महिन्यांनी, एरवी वर्षातून दोनदा.

भाग मिळतो का, हा प्रश्नाचा दुसरा अर्धा. येथे यंत्राची जात महत्त्वाची ठरते. इटलीत फाएमा कंपनीने १९६१ साली ई-६१ नावाचे यंत्र आणले; त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून त्याला नाव मिळाले. त्याच्या पुढील भागाची रचना आजही अनेक निर्माते वापरतात, म्हणून साठ वर्षांपूर्वीच्या त्या भागाची रिंग आजही विकत मिळते. ५८ मिलिमीटर व्यासाची चाळणी तर व्यवसायात जवळजवळ प्रमाण झाली आहे. याउलट, ज्या यंत्राचे कवच स्क्रूऐवजी प्लॅस्टिकच्या खाचांनी कायमचे बंद केलेले असते, किंवा ज्याचा सर्व कारभार एका इलेक्ट्रॉनिक पट्टीवर चालतो, तेथे दोन वर्षांतही कारागीर हात टेकतो. यंत्र घेतानाच तळाशी स्क्रू आहेत का, सुटे भाग वेगळे विकत मिळतात का, हे पाहणारा ग्राहक पुढची दुरुस्ती त्याच दिवशी स्वस्त करून ठेवतो. अमेरिकेतील नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राबाबत आणखी एक दक्षता हवी. ते १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टला थेट लावल्यास जळते. ट्रान्सफॉर्मर लावला तरी ६० हर्ट्झसाठी केलेला कंपन पंप आपल्या ५० हर्ट्झवर मंद चालतो.

आता हिशेब. व्यापारी घरात हा भाग समजावून सांगण्याची गरज नसावी, तरी घरखर्चात तो विसरला जातो. यंत्राला पूर्वी किती पैसे पडले, हा आकडा निर्णयातून वजा करावा. ते पैसे गेले. विचार पुढील वर्षांचा करावा. समजा, नव्या यंत्राची किंमत ३०,००० रुपये व आयुष्य सहा वर्षे. म्हणजे वर्षाला ५,००० रुपये. जुन्याची सफाई, रिंग व मजुरी मिळून २,४०० रुपये आणि त्यावर ते निदान दोन वर्षे चालणार. म्हणजे वर्षाला १,२०० रुपये. सोलापूरच्या घरी याच धर्तीचा हिशेब निघाला व दुरुस्ती झाली. मुलाने निवडलेली खरेदी रद्द केली.

गोष्ट येथे संपत नाही. दोन वर्षांनी यंत्राखाली पुन्हा पाणी दिसले. या वेळी आप्पांनी आधीच सांगून टाकले, "रिंग बदला, होईल." पण त्याच कारागिराने मान हलवली. बॉयलरच्या ॲल्युमिनियमला क्षरणाने खळगे पडले होते आणि एका ठिकाणी छिद्र झाले होते. नवा बॉयलर परदेशातून मागवणे, जोडीचे भाग व मजुरी धरून खर्च १४,००० रुपयांवर जात होता, आणि तोवर थकलेला पंप पाहता आणखी दोनच वर्षांची हमी कारागीर देऊ शकत होता. म्हणजे वर्षाला ७,००० रुपये. नव्या यंत्राच्या ५,००० रुपयांहून जास्त. नव्याच्या निम्म्याहून कमी खर्च असेल तर दुरुस्त करावे, असा एक ढोबळ नियम सांगितला जातो. त्या नियमाने येथे दुरुस्तीच करावी लागली असती, कारण १४,००० हे ३०,०००च्या निम्म्याहून कमीच. नियम वर्षे मोजत नाही, हा त्याचा दोष.

आप्पांना ते जड गेले. नऊ वर्षांच्या सकाळी त्या यंत्रापाशी गेल्या होत्या. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग मुलाला म्हणाले, "आण नवीन. पण स्क्रू असलेलं आण." मुलानेही या वेळी सवलतीची जाहिरात पाहिली नाही, आधी सुट्या भागांची यादी पाहिली.

जुने यंत्र भंगारवाल्याकडे गेले नाही. केंद्र सरकारचे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. विजेवर चालणारी टाकाऊ उपकरणे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पोचावीत, हा त्यांचा हेतू. चांगल्या अवस्थेतील मूठ, चाळणी व पाण्याची टाकी मात्र कारागिराने ठेवून घेतली. दुसऱ्या कुणाचे यंत्र त्यावर उभे राहील. दुरुस्तीचा हक्क हाही आता सरकारी विषय आहे. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली त्यासाठी समिती नेमली व त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू केले. सुटे भाग नाकारले गेले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारणा करता येते. हॉलंडमध्ये नागरिकांनीच वाट काढली. ॲमस्टरडॅम येथे २००९ साली पहिले रिपेअर कॅफे भरले. जाणकार स्वयंसेवक व बिघडलेल्या वस्तूंचे मालक एका टेबलाशी बसून वस्तू उघडतात; आणि तेथे येणाऱ्या वस्तूंत कॉफीची यंत्रे नेहमी वरच्या क्रमांकावर असतात. उघडल्यावर निघते ते बहुधा हेच : चुना, रिंग, बुजलेली वाट.

सोलापूरच्या त्या घरी आता ओट्यावर नवे यंत्र आहे. शेजारी लिंबूसत्त्वाचा डबा आहे आणि दर तीन महिन्यांच्या पहिल्या रविवारी दिनदर्शिकेवर पेन्सिलीची खूण असते. हे काम आप्पांनी मागून घेतले आहे. जायफळाची किसणी मात्र जुनीच.