खांद्यापर्यंतचा हातमोजा

गाय गाभण आहे का, हे पाहायला खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गुदाशयातून गर्भाशय चाचपावं लागतं. दिसत काहीच नाही, बोटांनीच शिकायचं. आणि एकाच गाईवर अख्ख्या वर्गानं हात बसवायचा म्हटलं, तर ती बिचारी किती सोसणार?

शिवाय शिकायला गाय शहरात मिळणंही सोपं नाही. 1886 साली परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं, तेव्हा मुंबई घोडे-बैलांवर चालत होती. आता शहरात रांग कुत्र्या-मांजरांची. मोठं जनावर शिकायचं तर गावातच जावं लागतं.

पण प्रयोगशाळेवाचूनही चालत नाही. 2022 मध्ये गुरांमध्ये लम्पी त्वचारोगाची मोठी साथ आली, तेव्हा शेळ्यांच्या देवीच्या लशीवर भागवलं. हिसार आणि इज्जतनगरच्या संशोधन संस्थांनी स्वदेशी लस त्याच वर्षी तयार केली.

म्हणून या अंकात प्रयोगशाळेइतकीच जागा गोठ्याला आहे. पानांना शेणाचा वास आला, तर छापखान्याला दोष देऊ नये.