सुगरण म्हणजे कोण, बाई?

मैत्रिणींनो, परवा शाळेत एक गंमत झाली. सहावीच्या वर्गाला मी बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्याची कविता शिकवत होते. मुलांनी चालीवर छान म्हटली. मग मी विचारलं, "सुगरण म्हणजे कोण, सांगा बरं?" पहिल्या बाकावरची एक मुलगी चटकन उठली. "बाई, जिला स्वयंपाक चांगला येतो ती!"

वर्ग हसला, मीही हसले. पण "ते पाखरू कोणी पाहिलंय?" म्हटल्यावर अख्ख्या वर्गात दोनच हात वर आले. मी तरी कधी पाहिलं होतं? लहानपणी, मामाच्या मळ्यात. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला पंधरा-वीस खोपे लोंबत असायचे.

घरी आल्यावर पोळ्या लाटताना तेच मनात घोळत होतं. कवी उपमा देतो ती ओळखीच्या वस्तूची. ती वस्तूच अनोळखी झाली, तर कविता मुलांच्या तोंडात राहील, मनात कशी उतरेल?

बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, घरकाम करताना गाणी सुचायची. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्या १९५१ साली गेल्या आणि पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली. प्रस्तावना आचार्य अत्र्यांची. 'पर्यावरण' हा शब्द त्यांनी कधी ऐकलाही नसेल, पण पाखराच्या घरट्यात त्यांना बाईचा संसार दिसला.

आता या संसाराची खरी हकिगत ऐका. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९३०च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला या पाखरांचा अभ्यास केला. खोपा विणतो तो नर! गवताच्या, शिंदीच्या पात्यांच्या लांब चिरट्या आणून, पाचशेपर्यंत खेपा घालून, सुमारे अठरा दिवसांत घर उभं करतो. अर्धं झालं की माद्या पाहायला येतात. पसंत पडलं तर राहतात, नाहीतर चालत्या होतात. आणि एकीचं बस्तान बसलं की हा पठ्ठ्या दुसऱ्या खोप्याला लागतो! आमच्या ह्यांना हे वाचून दाखवलं, तर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "घर बांधतो तरी बिचारा."

मग बहिणाबाई चुकल्या का? मला नाही तसं वाटत. अंडी उबवणं मादीवरच पडतं आणि पिल्लांना भरवणंही बहुतांशी तिच्यावरच. घर कोणीही विणो, पिल्लांसाठी जीव टांगणीला लागतो तो आईचाच. त्यांनी ते बरोबर हेरलं होतं.

आपल्याकडच्या निसर्गकवितेत बालकवींचं नाव पहिलं येतं. तेही जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावचे. त्यांचा निसर्ग हरखून पाहणाऱ्याचा. बहिणाबाईंचा निसर्ग मातीत हात घालणाऱ्या बाईचा. आणि ना. धों. महानोर तर पळसखेड्याचे शेतकरी. १९६७ साली त्यांच्या 'रानातल्या कविता' आल्या. त्यांच्या कवितेतला पाऊस नुसता सुंदर नाही, त्यावर घरची चूल अवलंबून आहे. पुढे विधान परिषदेत जाऊनही ते शेती-पाण्याबद्दल बोलत राहिले. २०००चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेल्या त्यांच्या संग्रहाचं नाव 'पानझड'. २०२३ साली ते गेले.

त्याच रात्री मामीला फोन केला. "मामी, विहिरीवर खोपे आहेत का गं अजून?" ती म्हणाली, "बाभूळच नाही, तर खोपे कशाला राहतील? मोटर बसवताना तोडली ना. दोन-तीन वर्षं तारेला बांधले त्यांनी. पण आता बांधावर गवतसुद्धा ठेवत नाहीत, औषध मारून जाळून टाकतात."

फोन ठेवला आणि खूप वेळ तशीच बसले. एका खोप्याला काय काय लागतं! काटेरी झाड, खाली पाणी, विणायला उंच गवत, पिल्लांना भरवायला किडे, मोठ्यांना दाणे. यातलं एकेक आपण काढून घेतलं. पाखरू कितीही कुशल असलं, तरी नुसत्या कुशलतेवर संसार होत नाही, शेजार लागतो. हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

दोन दिवसांनी, हात वर केलेल्यांपैकी एक मुलगा खाली पडलेला खोपा पिशवीतून घेऊन आला. एसटीनं गावाहून येणारा, एरवी तोंड न उघडणारा. त्यानं आत चिकटलेले चिखलाचे गोळे दाखवले. "आजी म्हणते, सुगरण यात काजवे लावते, उजेडाला." वाऱ्यात खोपा फार हलू नये म्हणून ते असावेत, असंही म्हणतात, हे मी सांगितलं. पण काजव्यांची गोष्ट मुलांना जास्त आवडली! त्या दिवशी पुन्हा कविता म्हटली, तेव्हा खोपा हातोहात फिरत होता आणि मुलांचा आवाज निराळाच लागला होता.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलं कविता पाठ करत असतील, तर त्यातली वस्तू त्यांना एकदा दाखवा. पावसाळ्यात गावाबाहेर, पाण्याकाठच्या बाभळी-शिंदीकडे नजर टाका. दिवाणखान्यात टांगायला झाडावरचा खोपा मात्र तोडू नका, कोणी विकायला आणला तरी घेऊ नका. आणि माहेरी शेत असेल, तर भावाला एवढंच सांगा, एका बांधावरचं गवत राहू दे. भाऊबीजेला साडी नाही दिलीस तरी चालेल!