शांत बाळ

काही वर्षांपूर्वी चाकणच्या औद्योगिक वसाहतीलगत भाड्याच्या खोलीत राहणारे एक तरुण जोडपे आठ दिवसांचे बाळ घेऊन माझ्याकडे आले. "कालपासून अगदी शांत आहे, दूधही ओढत नाही," आई संकोचाने म्हणाली. शेजारणींनी 'गुणी बाळ' म्हणून तिची समजूत घातली होती. मी श्वास मोजले: मिनिटाला ७२. तत्काळ त्यांना रुग्णालयात धाडले. बाळ वाचले. रुग्णालय अर्ध्या तासावर होते. मात्र धोका ओळखणारे घरात कोणीच नव्हते.

अशा वेळी मला गडचिरोलीचे स्मरण होते. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांचे मृत्यू रोखण्यासाठी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. या आरोग्यदूत घरोघरी जाऊन बाळाचे वजन करीत, त्याला ऊब व स्तनपान मिळते का ते पाहत, श्वास मोजत आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉक्टरने आपली विद्या गावाच्या हाती सोपवली, हे मला त्या कार्याचे मर्म वाटते.

याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी भेट देतात. प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी. घरी झाली असल्यास पहिल्या दिवशीही. त्यांना दारातूनच परत पाठवू नका.

आपणही एवढे ध्यानी ठेवावे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. ६० किंवा अधिक भरल्यास पुन्हा मोजावेत. तेवढेच आले, तर त्वरित रुग्णालय गाठावे. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, दूध न ओढणे, ताप, अंग गार पडणे, बाळ सुस्त होणे यांपैकी एक लक्षण दिसले तरी सकाळची वाट पाहू नये.

आपल्या शेजारच्या खोलीत दूरगावाहून आलेली एखादी बाळंतीण असेल. तिच्याजवळ सासू-आई कोणी नसेल. आज तिची विचारपूस करा आणि श्वास कसे मोजावेत, ते तिला दाखवा.