भूत नक्की झाले आणि भीती संपली

रहस्यकथा म्हणजे सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याला दिलेला शब्द असतो. ‘मी तुला कोड्यात टाकणार आहे, पण धीर धर, ते कोडे मीच उकलून दाखवीन,’ असा तो शब्द. प्रेमकथेचा शेवट मनासारखा झाला नाही तर वाचक हळहळतो. रहस्यकथेचा शेवट बिघडला तर मात्र त्याला आपण फसलो असे वाटते. हळहळ चार दिवसांत ओसरते. फसल्याची भावना सलत राहते. झी मराठी वाहिनीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा विषय निघाला, की आजही आपल्यापैकी कुणीतरी हमखास म्हणतो, “तिसऱ्या वेळी पहिल्यावानी मजा नाही राह्यली.” सगळे माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. मजा का राहिली नाही, हे कुणी सांगत नाही. या लेखात तेच शोधण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम थोडा इतिहास. या मालिकेचे पहिले पर्व २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपले. दुसरे पर्व जानेवारी २०१९ मध्ये आले व ऑगस्ट २०२० पर्यंत चालले. तिसरे मार्च २०२१ मध्ये सुरू झाले, मध्यंतरी कोरोनाच्या निर्बंधांमुळे काही महिने बंद पडले आणि २०२२ मध्ये संपले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी या गावच्या वाड्यात तिचे चित्रण झाले. नाईकांचा वाडा, अण्णा, माई, दत्ता, पांडू ही नावे वऱ्हाडातल्या घराघरांत पोचली. मालवणी बोली आमच्या कानांना अगदीच परकी होती. तरी महिनाभरात ती कळू लागली, आणि पोरेटोरे तिची नक्कल करू लागली! वाहिन्यांवर पुण्या-मुंबईचीच भाषा चालते, हा समज या मालिकेने मोडून काढला. बोली बोलणारी माणसे केवळ हसवण्यासाठी नसतात, त्यांच्या भाषेत भय आणि दुःखही सांगता येते, हे तिने दाखवून दिले. हा उपकार मी विसरत नाही. ज्या मालिकेने इतके दिले तिच्याकडूनच अपेक्षाही ठेवावीशी वाटते.

तिसऱ्या पर्वाच्या अपयशाची दोन कारणे सर्वसाधारणपणे सांगितली जातात. पहिले असे, की मालिका मध्येच थांबल्याने रंगाचा बेरंग झाला. दुसरे असे, की २०२१ च्या अखेरीस शेवंताची भूमिका करणाऱ्या अपूर्वा नेमळेकर यांनी मालिका सोडली, त्यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या, आणि नवी शेवंता पुष्कळांना रुचली नाही. ही कारणे खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु नाटक मंडळ्यांच्या काळापासून आपल्याकडे नट बदलत आले आहेत आणि चांगले नाटक त्यातूनही उभे राहिले आहे. खंडाचे म्हणाल, तर दुसऱ्या पर्वालाही टाळेबंदीचा फटका बसला होता. तरी लोक परत आले. तेव्हा दुखणे याहून खोल आहे.

पहिल्या पर्वाचे बळ कशात होते ते आठवून पाहा. पहिल्याच भागात अण्णा गेले. मुले-सुना मुंबईहून वाड्यावर जमली आणि एकेक विपरीत घटना घडू लागल्या. हे सारे भुताचे काम की घरातल्याच कुणा माणसाचे? या एका प्रश्नावर सारा डोलारा उभा होता. एकीकडे खुणा, शकुन, गावची कुजबुज. दुसरीकडे नीलिमेसारखी भुताखेतांवर विश्वास न ठेवणारी, प्रत्येक घटनेला कारण मागणारी सून. लेखकाने ही तागडी कुठल्याच बाजूला पुरती झुकू दिली नाही. भुतावर विश्वास ठेवणारी माझी आजी आणि न ठेवणारी मी, दोघीही एकाच खाटेवर बसून तीच मालिका तितक्याच आवडीने पाहत होतो! दोघींनाही वाटे, की शेवटी आपलेच खरे ठरणार. अशी मालिका निर्माण करणे सोपे नव्हे.

दुसरे पर्व मागच्या काळातले होते. अण्णा हयात, शेवंता तरुण. इथे ‘कोण’ हा प्रश्न नव्हता, ‘कसे’ हा होता. एक माणूस लोभाने, वासनेने आणि सत्तेच्या मस्तीने किती खाली उतरू शकतो, हे माधव अभ्यंकरांनी असे काही दाखवले, की भुताची गरजच उरली नाही. जिवंत अण्णांचे पाऊल ओसरीवर वाजले की घर चिडीचूप होई. मेलेल्याची भीती तिच्यापुढे फिकीच. म्हणून हे पर्व वेगळे असूनही पटले. त्याने पहिल्या पर्वाच्या प्रश्नाला धक्का लावला नाही. उलट त्याच्या मुळाशी माणसाचे पाप आहे, असे सुचवून त्याला अधिक खोल केले.

आणि मग तिसरे पर्व आले. वाडा पडीक, माई थकलेल्या; अण्णा आणि शेवंता मेलेले, पण हजर! ते चालतात, बोलतात, भांडतात, बेत करतात. भूत आहे की नाही, हा प्रश्नच निकालात निघाला. आमच्या शेजारच्या काकूंनी चारआठ दिवस ते पाहिले आणि एका वाक्यात समीक्षा केली: “मेलेला माणूस इतका बोलते काहून? जितेपणी तं इतका बोलत नव्हता!” मोठमोठ्या समीक्षकांना जे पानभर लिहून सांगावे लागले असते, ते काकूंनी चूल फुंकता फुंकता सांगितले. दाराआड कुणीतरी आहे असे वाटते तोवर अंगावर काटा असतो. दार उघडून ‘ते’ आत येऊन खुर्चीवर बसले आणि रोज येऊ लागले, म्हणजे ते घरातलेच एक माणूस होते. त्याची सवय होते, आणि सवय झाल्यावर भीती कसली? भूत नक्की झाले, त्याच क्षणी भीती संपली. आणि भीतीबरोबर रहस्यही.

पांडूच्या विसरभोळेपणाला आपण पोट धरून हसलो. परंतु तिसऱ्या पर्वात मालिकाच आपला मूळ प्रश्न विसरून गेली, याला काय म्हणावे?

हे असे का झाले? अण्णा आणि शेवंता लोकप्रिय झाले होते म्हणून. लोकप्रिय पात्राला मरण परवडत नाही. मेले तरी त्याला कामावर हजर राहावे लागते! दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे जाहीर होतात. निवडक घरांतल्या दूरचित्रवाणी संचांना जोडलेल्या यंत्रांवरून कोणती मालिका किती पाहिली जाते याचा अंदाज बांधला जातो आणि त्यावर जाहिरातींचे दर ठरतात. ऑक्टोबर २०१५ पासून या मोजणीत ग्रामीण घरेही आली. म्हणजे खेड्यातल्या माणसाची आवडनिवडही हिशेबात धरली जाऊ लागली. ही आनंदाचीच गोष्ट. पण या हिशेबात कथेचा शेवट हा तोटा असतो. रहस्य उकलले म्हणजे दुकान बंद! म्हणून उकल पुढे ढकलायची. ढकलता येईना, तर रहस्यच बाजूला ठेवून लोकांच्या आवडीची पात्रे तेवढी फिरवत ठेवायची. तिसऱ्या पर्वात मला तरी हेच दिसले.

वाचकांच्या आग्रहापुढे लेखकाने मान तुकवल्याचे उदाहरण जुने आहे. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसे केले आणि वाचक खवळले. अखेर १९०३ मध्ये डॉइलनी त्याला परत आणले. परंतु कसे? तो मुळात मेलाच नव्हता, कसा वाचला, इतकी वर्षे कुठे होता, याचा सगळा हिशेब देऊन. आणि नंतरच्या प्रत्येक कथेत नवे कोडे घालून ते सोडवून. ॲगाथा ख्रिस्ती यांनी तर आपल्या पॉयरोची अखेरची कथा पुष्कळ वर्षे आधी लिहून ठेवली होती. ती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पॉयरो संपला. आपल्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार पुन्हा पुन्हा येई, पण प्रत्येक पुस्तकातले रहस्य त्याच पुस्तकात उलगडे. तेव्हा पात्राने परत येण्यात पाप नाही. परत येताना त्याने नवा प्रश्न आणावा आणि जुन्याचे उत्तर चुकते करावे, एवढाच व्यवहार आहे. आपले कीर्तनकारसुद्धा उत्तररंगातले आख्यान त्याच बैठकीत पुरे करतात. लोक रंगले आहेत म्हणून ते उद्यावर ठेवत नाहीत.

पण सगळे खापर वाहिनीवर फोडून आपण मोकळे होणार का? अण्णांना आपणच डोक्यावर घेतले. परस्त्रीच्या नादी लागून घर उद्ध्वस्त करणारा, रक्ताने हात माखलेला हा माणूस. आणि आपण त्याचे संवाद म्हणत गॅदरिंगमध्ये टाळ्या घेतल्या. शेवंताच्या ठसक्यावर चर्चा झाल्या. माईंचे काय? त्या घरातला अपमान, मार आणि लाज जिने उभा जन्म सोसली, त्या बाईची आठवण आपल्यापैकी किती जणांनी काढली? आपण अण्णा मागितले. वाहिनीने मेलेले का होईना, पण अण्णा दिले. प्रश्नाचे उत्तर मागणारा प्रेक्षक कमी आणि आवडते पात्र मागणारा जास्त, असे आकड्यांत दिसल्यावर व्यापारी दुसरे काय करील? आणि खलनायक हाच मालिकेचा आधार झाला, की कथा त्याचा न्याय करू शकत नाही; कारण न्याय झाला की तो संपतो. ज्या कथेत दुष्टाला शिक्षा देणे परवडत नाही, ती कथा आपल्याला काय सांगणार?

काही मित्र म्हणतील, “करमणूक आहे, तिचे इतके मनाला काय लावून घ्यायचे?” त्यांना माझे सांगणे असे, की भूत हा आपल्याकडे केवळ करमणुकीचा विषय नाही. तापाने फणफणलेल्या पोराला दवाखान्यात न्यायचे की अंगारा लावायचा, यावर आपल्या वस्त्यांमधून आजही वाद होतात. ‘हिला बाहेरचे लागले आहे’ असे एखाद्या सुनेबद्दल म्हटले गेले, की तिचे दुखणे कुणी विचारीत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर, त्याच वर्षी, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे या कायद्याने गुन्हा ठरले आहे. असा कायदा करावा लागतो, यातच सारे आले.

२०१६ मध्ये पहिले पर्व सुरू झाले, तेव्हा कोकणातल्या काही मंडळींनी या मालिकेमुळे कोकणाची बदनामी होते व अंधश्रद्धा वाढते म्हणून विरोध केला होता. मालिका बंद करावी या मताची मी नाही. उलट मला वाटते, की पहिल्या पर्वात ‘हे भुताचे की माणसाचे?’ असा प्रश्न रोज रात्री घराघरांत विचारला जात होता, ही चांगली गोष्ट होती. कुणी ठासून सांगितलेले पटत नाही; पण स्वतःला पडलेला प्रश्न माणूस उशाशी घेऊन झोपतो. माझी आजीसुद्धा एखाद्या रात्री म्हणून जाई, “हे काई भूत नोय, घरातलंच कोनी हाये.” पन्नास व्याख्यानांनी जे झाले नसते ते एका मालिकेने केले होते! तिसऱ्या पर्वाने नेमका तोच प्रश्न काढून घेतला. म्हणून त्याने केवळ निराशा केली असे नव्हे; नुकसान केले, असे मी म्हणेन.

गूढाचे मला वावडे नाही. आमच्या शिरपुरात अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर आहे. मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे आणि दूरदूरचे यात्रेकरू इथे येतात. श्रद्धेचे गूढ वेगळे; ते कुणाला उत्तराचे वचन देत नाही आणि त्याच्याकडे तसे उत्तर कुणी मागतही नाही. परंतु जी कथा स्वतःहून ‘ओळखा पाहू’ म्हणत दारात येते, तिने उत्तर द्यायलाच हवे. वचन देऊन ते न पाळणे याला गूढ म्हणत नाहीत.

तेव्हा मित्रहो, उद्या एखादी गाजलेली मालिका नव्या पर्वाची दवंडी पिटू लागली, तर आवडते कोण कोण परत येणार, हे आपण मागाहून विचारू. आधी विचारू, की या वेळचा प्रश्न कोणता आहे आणि मागच्याचे उत्तर कुठे आहे. त्याचे उत्तर मिळाले नाही, तर संच बंद करण्याची कळ आपल्याच हातात आहे. खेड्यातली घरे आता मोजणीत आली आहेत. त्या कळीचा आवाज मुंबईपर्यंत जातो.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. (द्वितीय वर्ष)